होळीच्या आधी गावाने वणव्याची तयारी कशी करावी?

बोडीकाठ (४ जानेवारी)

नमस्कार. आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात आहे. तीन बाजूंना धानाचे बांध आहेत आणि चौथ्या बाजूला साग, ऐन, मोह व तेंदू यांचे जंगल अगदी घरांच्या परसापर्यंत आलेले आहे. मागच्या एप्रिलमध्ये दुपारी दोनच्या सुमारास मोहाच्या झाडांकडून निघालेली आग पालापाचोळ्यातून सरकत गावाच्या कडेला आली आणि तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) तीन ढीग व एक गोठा जळाला. गोठ्यात दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. घरची माणसे बाजाराला गेली होती, आणि शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत दावे सोडायलाही वेळ उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले तेव्हा दावे जळून गेले होते, पण खुंटे तसेच उभे होते.

गाव धावून आले नाही असे नाही. सगळे आले, पण कोणी काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. काही जण बादल्या घेऊन बोडीकडे, म्हणजे लहान तळ्याकडे गेले, तर बोडी आटलेली. बोअरवेलचा पंप लावायला गेले, तर वीज नाही. तरुण मुले हिरव्या डहाळ्या घेऊन थेट आगीसमोर उभी राहिली, आणि त्यांच्यापैकी एकाचे दोन्ही पाय पोळले.

मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो, म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचे ठरवले आहे. गावाची कड, घरे, गोठे, पाणी आणि माणसे यांपैकी आधी कशाला हात घालावा? ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जाळरेषा (४ जानेवारी)

ताई, मी वनविभागातून वनपाल म्हणून निवृत्त झालो असून माझी बहुतेक नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गेली. आपण जानेवारीतच विचारले हे फार चांगले केले, कारण हा प्रश्न बहुतेक वेळा मला एप्रिलमध्ये विचारला जातो आणि तेव्हा करण्यासारखे थोडेच उरलेले असते.

पहिले काम जाळरेषेचे. जंगल आणि गाव यांच्यामध्ये गवत, झुडपे व पाला काढून मातीपर्यंत मोकळा केलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. पालापाचोळ्याच्या आगीसाठी दहा-बारा फूट रुंदी पुरते, पण जिथे कुसळी गवत कमरेइतके वाढले असेल तिथे ती वाढवावी लागते. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो, आणि नेमकी हीच गोष्ट गावे विसरतात. सागाची पाने जानेवारीपासून मार्चपर्यंत गळत राहतात आणि सागाचे एकेक पान सुपाएवढे असते. जानेवारीत स्वच्छ केलेली जाळरेषा होळीपर्यंत पुन्हा पानांनी झाकली जाते, आणि आगीला ती ओलांडायला दोन मिनिटेही लागत नाहीत. म्हणून आता एकदा कापा, होळीच्या आधी एकदा झाडा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा झाडा. झाडण्याची तारीख ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्या.

दुसरी सूचना अशी की काढलेला कचरा जाळायचा असेल, तर ते काम वनरक्षकाला कळवून, त्याच्या उपस्थितीत, पहाटे दव असताना आणि वारा पडलेला असताना करा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि हेतू चांगला होता म्हणून तो माफ होत नाही.

तिसरी सूचना उपग्रहाच्या संदेशाबद्दल आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या वणवा संकेतस्थळावर कोणताही नागरिक आपला मोबाइल क्रमांक नोंदवू शकतो, आणि आपल्या भागात उपग्रहाला आग दिसली की त्याला संदेश येतो. मात्र उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि लहान आग त्याला दिसेलच असे नाही. तेव्हा गावातल्या माणसाचे डोळे हीच पहिली सूचना समजावी आणि उपग्रहाला दुसरी.

मोहाची सावली (५ जानेवारी)

आम्ही कोरचीकडचे. वर "मोहाच्या झाडांकडून निघालेली आग" असे वाचले आणि लिहावेसे वाटले. मोह वेचणारा माणूस हा जंगलाचा शत्रू आहे, असा सूर दरवर्षी मार्च महिन्यात ऐकू येतो. माझी आई अजूनही मोह वेचते आणि आमच्या घरात वर्षभराचे मीठ-तेल त्याच पैशांतून येते. तेव्हा आग का लावली जाते ते आधी समजून घ्यावे.

मोहाची फुले रात्रीपासून पहाटेपर्यंत टपटप गळतात. खाली वाळका पाला असेल तर फूल पानाआड जाते, वेचणाऱ्या बाईचा वेळ दुप्पट लागतो आणि पाल्यात साप-विंचवाची भीती असते. म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, राख झटकतात आणि मग स्वच्छ जमिनीवर पडलेले फूल वेचतात. ही आग विझवून घरी आलो असे प्रत्येकाला मनापासून वाटत असते, पण बुंध्याजवळचे एखादे लाकूड धुमसत राहते, आणि अकरा-बारा वाजता वारा सुटला की तेच पेटते.

आमच्या वस्तीत चार वर्षांपासून आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे पाला जाळायचा नाही, खराट्याने झाडून झाडापासून दूर खड्ड्यात टाकायचा. दुसरी म्हणजे झाडाखाली जाळी बांधायची. जाळी मिळाली नाही तेव्हा आईने दोन जुन्या साड्या शिवून अंथरल्या होत्या. फूल मातीला लागत नाही, त्यात खडे येत नाहीत आणि व्यापारी भाव पाडू शकत नाही. आईला पटले ते जंगल वाचते म्हणून नव्हे, तर वाकावे कमी लागते म्हणून. ग्रामसभेत बोलताना याच क्रमाने बोलावे, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. दरवर्षी जिथे पाला जळतो तिथे मोहाचे नवे रोप दिसत नाही. आमच्याकडची फुले देणारी झाडे आजोबांच्या काळातली आहेत. ती पडल्यावर आमच्या नातवंडांनी काय वेचायचे, हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांना लगेच समजतो.

बोडीकाठ (५ जानेवारी)

दादा, आपले म्हणणे मान्य आहे. आग कोणी लावली हे आम्हाला आजही माहीत नाही आणि मी दिशा सांगितली, दोष दिला नाही. तरी वाचणाऱ्याला तसे वाटू शकते हे माझ्या लक्षात आले. जाळी किती उंचीवर बांधता?

मोहाची सावली (५ जानेवारी)

गुडघ्याच्या वर, चार कोपऱ्यांना चार खुंट्या आणि मध्ये थोडा झोळ ठेवायचा, म्हणजे फुले मधोमध गोळा होतात. जनावरे फिरत असतील तर उंची वाढवावी. संध्याकाळी बांधायची आणि सकाळी सोडून घरी आणायची.

पऱ्हाटी (५ जानेवारी)

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे जंगल दूर आहे, तरीही आगी लागतात, म्हणून हा धागा फक्त जंगलाकाठच्या गावांपुरता समजू नये. आमच्याकडे आग धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून येते. उन्हाळवाहीच्या (उन्हाळी नांगरटीच्या) आधी धुरे पेटवण्याची जुनी सवय आहे. एकाने पेटवलेला धुरा वाऱ्याने दुसऱ्याच्या शेतातील कडब्यात जातो, तिथून तुराट्यांच्या ढिगात आणि तिथून गोठ्यात.

दुसरा धोका घरातला आहे. भाव वाढेल या आशेने आमच्या भागातील निम्मी घरे फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापसाने भरलेली असतात. माझ्या चुलत्यांच्या घरी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता आणि त्याच खोलीतून विजेची जुनी वायर गेली होती. एका रात्री जळका वास आला. वरून पाणी मारले, धूर थांबला, सगळे झोपायला गेले. पहाटे तीन वाजता आतून पुन्हा पेट घेतला. कापसाची आग आत शिरून धुमसत बसते. वरून कितीही पाणी ओतले तरी ती विझत नाही; कापूस दाताळ्याने ओढून अंगणात पसरावा लागतो आणि थर उलगडून भिजवावा लागतो. त्या रात्री काकूंनी नातवाला उचलून मागच्या दाराने नेले म्हणून तो वाचला. तेव्हापासून आमच्या घराण्यात ज्या खोलीत कापूस असेल तिथे वीज नाही, डासांची अगरबत्ती नाही, विडी नाही आणि झोपणेही नाही.

जवळून वणवा जात असेल तर उघड्या खिडकीतून आलेली एक ठिणगी अशा खोलीला पुरेशी आहे. म्हणून तयारीच्या यादीत घरात साठवलेला माल जरूर घ्यावा.

वर्धेकर परदेशी (६ जानेवारी)

मी मूळची वर्धा जिल्ह्यातील, सध्या कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहते. इथे वणवा हा दरवर्षीचा विषय आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी आमच्यापासून काही तासांच्या अंतरावरचे पॅराडाइज नावाचे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले आणि त्या वणव्यात ८५ माणसे गेली. त्यानंतरची छायाचित्रे पाहताना एका गोष्टीने मी थबकले होते: घरांच्या जागी राख होती आणि शेजारची पाइनची झाडे हिरवी उभी होती. म्हणजे बरीच घरे ज्वालांच्या भिंतीने नव्हे, तर वाऱ्याने उडून आलेल्या निखाऱ्यांनी आणि शेजारच्या पेटलेल्या घरांनी जळाली. निखारा छपराच्या फटीत, पन्हळीतल्या वाळक्या पानांत किंवा भिंतीला टेकवलेल्या लाकडांत पडतो आणि तिथून घर पेटते.

म्हणून इथे घराभोवतीचे पहिले पाच फूट पूर्ण मोकळे ठेवायला सांगतात. सरपण नाही, वाळके गवत नाही, पायपुसणेदेखील नाही. त्यापुढे शंभर फुटांपर्यंत गवत कापलेले आणि झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या ठेवाव्या लागतात. आपल्या गावातील घर मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा भिंतीला टेकवलेले सरपण, त्यावर गोवऱ्यांची रास आणि वर कौलांखाली खोचलेले गवत दिसते. आपल्याकडे हे पाच फूट मोकळे करायला पैसे लागणार नाहीत, एक दिवसाचे श्रम लागतील.

जाळरेषा (६ जानेवारी)

ताईंनी चांगले सांगितले, पण एक फरक स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. तिकडच्या जंगलात आग झाडांच्या शेंड्यांवरूनही धावते. आपल्या पानझडी जंगलात ती प्रामुख्याने जमिनीवरून, पाल्यातून आणि गवतातून सरकते, ज्वाला गुडघा-कमरेएवढ्या असतात आणि उभा साग सहसा जगतो. त्यामुळे तिकडच्याप्रमाणे संपूर्ण गाव रिकामे करण्याची वेळ आपल्यावर क्वचितच येते, आणि त्या धास्तीने लोकांना घाबरवू नये. बांबूची रांजी (बेटे) आणि रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची दाट झुडपे मात्र याला अपवाद आहेत. रायमुनिया वाळली की आग तिच्यावर चढते, ज्वाला माणसाच्या डोक्यावर जातात आणि निखारे उडतात. गावाच्या कडेची रायमुनिया मुळासकट उपटणे, हे मी जाळरेषेइतकेच महत्त्वाचे मानतो.

पाच फुटांची गोष्ट मात्र जशीच्या तशी आपल्याला लागू आहे, आणि तणसाच्या ढिगाला तर दुप्पट लागू आहे.

वर्धेकर परदेशी (६ जानेवारी)

दुरुस्ती मान्य. धन्यवाद, काका.

संत्र्याची बाग (७ जानेवारी)

वरुड तालुक्यातून. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पडीक शेतातील गवत पेटले आणि आमच्या बागेच्या कडेची संत्र्याची दोन ओळी झाडे होरपळली, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या. बाकीची बाग वाचली ती फवारणीच्या ट्रॅक्टरमुळे. आमच्याकडे ट्रॅक्टरला जोडलेली मोठी टाकी आणि उच्च दाबाचा पंप असतो, त्याला लांब नळी आणि गन असते. त्या दिवशी टाकी योगायोगाने भरलेली होती. तेव्हापासून आम्ही सहा बागायतदारांनी ठरवले आहे की मार्च ते मे या काळात एकाची तरी टाकी भरलेली राहील, आणि कोणाची पाळी आहे ते मंदिराच्या फळ्यावर लिहिलेले असेल. हा पंप ट्रॅक्टरच्या इंजिनावर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही.

धान उत्पादक गावांत असा ट्रॅक्टर नसेल, तर पाठीवरचे फवारणी पंप घ्यावेत. मोठी आग त्याने विझत नाही, पण आग दबल्यावर मागे धुमसणारी लाकडे आणि बुंधे भिजवायला त्याच्याइतके सोयीचे काही नाही. मात्र ज्या पंपातून तणनाशक किंवा कीटकनाशक मारले असेल तो तीन वेळा धुतल्याशिवाय वापरू नये.

रानवाट (७ जानेवारी)

महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, आणि आपत्तीसाठी ११२. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत. आपल्या वनरक्षकाचा क्रमांकही घराघरांत असावा, कारण सर्वांत आधी तोच पोहोचतो.

अंगार (८ जानेवारी)

मी मेळघाटात, धारणीकडे, पाच उन्हाळे हंगामी मजूर म्हणून आग विझवण्याचे काम केले आहे. वर ताईंनी लिहिले की मुले डहाळ्या घेऊन थेट आगीसमोर उभी राहिली. ते वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहितो.

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिरा अभयारण्यात आग विझवताना तीन हंगामी मजूर मरण पावले आणि दोन जखमी झाले. ते अडाणी नव्हते, जंगल ओळखणारे होते. वाऱ्याने दिशा बदलली की जंगल ओळखणाऱ्यालाही आग वेळ देत नाही. म्हणून आमच्या जुन्या मंडळींनी आम्हाला शिकवलेले सांगतो.

आगीच्या समोरून कधीही जाऊ नये. पाठीमागून, म्हणजे जिथे जळून गेले आहे तिथून आत शिरावे आणि दोन्ही कुशींनी झोडपत पुढे सरकावे, म्हणजे आगीचे तोंड आपोआप अरुंद होत जाते. उतारावर आग खाली असेल तर वर उभे राहू नये, कारण चढावर आग माणसापेक्षा वेगाने चढते. ढोबळ हिशेबाने दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग दुप्पट होतो. नाल्याच्या घळीत उतरू नये, तिथे ती चुलीच्या धुराड्यासारखी ओढली जाते. पळण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी, आणि ती जागा म्हणजे जळून काळी झालेली जमीन, कारण तिथे जळायला काही उरलेले नसते. एकट्याने जाऊ नये. एक माणूस काहीही न करता फक्त उंचावर उभा राहून वारा आणि आग पाहत राहावा, आणि त्याने हाक दिली की सर्वांनी वाद न घालता मागे यावे. हा माणूस कामचुकार आहे असे नव्या मुलांना वाटते. पाच उन्हाळ्यांत आमच्या टोळीला दोन वेळा त्यानेच वाचवले.

आग विझली असे वाटल्यावर निघून येणे ही सर्वांत मोठी चूक. वठलेले झाड आतून दोन-तीन दिवस धुमसते, मग रात्री कोसळते आणि जाळरेषेच्या पलीकडे निखारे उधळते. रात्रीची पाळी लावावी. हाताचा उलटा तळवा राखेजवळ नेऊन ऊब लागते का ते पाहावे, राखेला हात लावू नये.

धानाचा बांध (८ जानेवारी)

भाऊ, आपले लिहिणे वाचून अंगावर काटा आला, पण माझा प्रश्न वेगळा आहे. गावकऱ्यांनी आग विझवायला जावेच का? प्रशिक्षण नाही, विमा नाही, बूट नाहीत. हे वनविभागाचे काम आहे. गावाने आपली घरे सांभाळावीत आणि जंगलाची आग ज्यांचे काम त्यांच्यावर सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाळरेषा (९ जानेवारी)

कायद्याने उत्तर असे आहे की ज्यांना जंगलात चराई, सरपण किंवा इतर हक्क आहेत, त्यांनी वणव्याची माहिती देणे आणि तो विझवायला मदत करणे हे वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार बंधनकारक आहे. पण मी आपल्याला कायदा दाखवून गप्प करू इच्छित नाही, कारण आपली काळजी रास्त आहे. एका वनरक्षकाकडे एवढे मोठे क्षेत्र असते की तो पोहोचेपर्यंत आग एक टेकडी ओलांडून गेलेली असते. माझा अनुभव असा की मदत करावी, पण कोणी करावी हे आधी ठरलेले असावे. गावातून धडधाकट, अठरा वर्षांवरील दहा-बारा जणांची नावे लिहून वनविभागाला द्यावीत आणि हंगामाआधी त्यांना एक दिवस प्रात्यक्षिक दाखवण्याची मागणी करावी. सुक्या पाल्याचा पट्टा मोकळा करायला ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाला उडवणारे यंत्र, फार उपयोगी पडतो, तोही त्या दिवशी हाताळून पाहावा. बाकीच्यांनी गावातच थांबावे. गावातही काम कमी नसते.

मोहाची सावली (९ जानेवारी)

ज्या ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्यासाठी "जंगल वनविभागाचे" हे उत्तर आता पुरत नाही. त्याच कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. तेंदूपत्त्याच्या हंगामासाठी जंगलाला आग लावली जाते आणि झाडे तोडली जातात, हे लक्षात घेऊन त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले आणि बांबूवर भर दिला. हातात येणारा पैसा स्वतःहून सोडणे किती कठीण आहे, हे तेंदूच्या फळीवर (पाने मोजून देण्याच्या जागी) उन्हात उभे राहिलेल्यालाच समजते. प्रत्येक गावाला ते जमणार नाही आणि आमच्या गावालाही जमलेले नाही. आम्ही झुडपे जाळण्याऐवजी कोयत्याने छाटतो आणि लिलावाच्या करारात आग न लावण्याची अट घालतो.

दवाखान्याची ताई (१० जानेवारी)

मी आरोग्यसेविका आहे. भाजलेले रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा जखमेवर टूथपेस्ट, हळद, शेण, कधी शाई लावलेली असते आणि ती काढताना रुग्णाला भाजण्यापेक्षा जास्त यातना होतात. भाजलेल्या जागेवर साधे, थंड, वाहते पाणी वीस मिनिटे ओतत राहावे. बर्फ लावू नये. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढावीत, स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे आणि १०८ वर फोन करावा. वीस मिनिटे म्हणजे किती वेळ, ते घड्याळ पाहून मोजावे. माणसे दोन मिनिटांत थांबतात.

आगीजवळ जाणाऱ्याने जाड सुती कपडे घालावेत. नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. पायांत रबरी चप्पल नको, बूट हवेत. तोंडाला ओला गमछा बांधल्याने बरे वाटते, पण धुराचे बारीक कण त्यातून आत जातात. म्हणून दमेकरी, गरोदर बाया, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना धूर दिसताच वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या पक्क्या इमारतीत न्यावे. कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलेले आहे, हे आशाताईंना माहीत असते. त्यांना तयारीच्या बैठकीला बोलवावे.

पऱ्हाटी (११ जानेवारी)

नुकसानीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आग लागल्यावर राख झाडून टाकण्याआधी फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. २०२५ पूर्वीच्या पीक विम्यात आग म्हटली की वीज पडून नैसर्गिकरीत्या लागलेलीच आग स्थानिक आपत्ती म्हणून धरली जात असे. धुऱ्यावरून किंवा जंगलातून आलेल्या आगीची भरपाई मिळेल या भरवशावर माझा एक मित्र राहिला आणि त्याच्या हाती काही आले नाही. गोठा, जनावरे आणि घर यांचा वेगळा विमा असतो, तो परवडत असेल तर काढावा.

बोडीकाठ (२८ जानेवारी)

सर्वांचे मनापासून आभार. परवा ग्रामसभा झाली. काय ठरले आणि कुठे अडले, ते सांगते.

जाळरेषेचा ठराव झाला आणि कापण्या-झाडण्याच्या तिन्ही तारखा त्यात लिहिल्या. रायमुनिया उपटण्याचे काम बचत गटाच्या महिलांनी घेतले. आग विझवायला जाणाऱ्या अकरा जणांची नावे वनरक्षकाकडे दिली. उंचावर उभे राहून पाहण्याचे काम कोणी घ्यायला तयार नव्हते, म्हणून मी अंगारभाऊंचे लिहिणे सभेत वाचून दाखवले. ते ऐकल्यावर मागच्या वर्षी पाय पोळलेला मुलगा स्वतः उभा राहिला आणि ते काम त्याने मागून घेतले.

पाण्यासाठी दोनशे लिटरचे सहा ड्रम गावाच्या कडेला ठेवून ते मार्चपासून भरलेले राहतील. जबाबदारी वॉर्डाप्रमाणे वाटली आहे. आग दिसली की देवळाची घंटा सलग वाजवायची, आणि ती ऐकली की प्रत्येकाने आधी स्वतःच्या गोठ्यातली दावी सोडायची, मग बाकीचे काम. उन्हाळ्यात जनावरे सरकगाठीने बांधायची, म्हणजे एका ओढीत दावे सुटेल, हेही ठरले.

तणसाच्या ढिगांवर मात्र वाद झाला. घरापासून दूर शेतात ढीग घातला तर चोरी होते आणि मोकाट जनावरे खातात, असे अनेकांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नाही. शेवटी ढीग गावातच, पण घर आणि गोठा यांच्यापासून वेगळे, शाळेमागच्या पडीक जागेत एकमेकांपासून अंतर ठेवून घालायचे आणि भोवती काट्यांचे कुंपण करायचे ठरले. काटे वाळले की तेही पेटतील, हे माझ्या नंतर लक्षात आले. यावर कोणाला उपाय सुचतो का? जाळी वापरायला नऊ घरे तयार झाली आहेत, बाकीची पाहू म्हणाली.

संत्र्याची बाग (२८ जानेवारी)

कुंपणाला काट्यांऐवजी तार किंवा ठिबकची जुनी नळी ताणून बांधावी. नळीही पेटते, पण काट्यांसारखी भडकत नाही. तार मिळाली तर तारच घ्या, आणि कुंपणाबाहेर तीन-चार फूट माती नांगरून ठेवा.

अंगार (२९ जानेवारी)

ताई, त्या मुलाला एक शिट्टी घेऊन द्या. आगीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही.

बोडीकाठ (२९ जानेवारी)

उद्या वडसाला जाते आहे, तिथून आणते. तार किती लागेल ते आज संध्याकाळी मोजून घेते.